टाकीतलं गोडं पाणी

कॅल्गरीत मी बारा वर्षं एकच काम केलं: तेलाचे पाइप थंडीत गोठू नयेत याची व्यवस्था. शेकडो किलोमीटर पाइप सांभाळले, एकही गोठू दिला नाही. व्हँकुव्हरला राहायला आल्यावर जो गोठवला तो जेमतेम चार मीटरचा होता, आणि बायकोच्या बोटीतला होता.

बोट तिची. सेलिंग ती शिकली, जुनी बोट तिनेच घेतली, दोन उन्हाळे गुडघ्यांवर बसून केबिनच्या तळाच्या फळ्या घासल्या, व्हार्निश केल्या. मी त्या बोटीवर सँडविच खाणारा माणूस. नोव्हेंबरात बहिणीच्या ऑपरेशनसाठी ती पुण्याला निघाली तेव्हा एअरपोर्टवर म्हणाली, "थंडी वाढायच्या आत टाकी पूर्ण रिकामी कर, नळ उघडे ठेव आणि ते गुलाबी अँटीफ्रीझ पाइपांतून फिरव. करशील ना?"

"अगं, माझा धंदाच तो!"

गेलो. नळ सोडला. दोनशे लिटर पिण्याचं पाणी सिंकमधून समुद्रात जाताना बघवेना. माझं लहानपण मनमाडचं, नळाला आठवड्याने पाणी यायचं. पाहुण्याच्या पेल्यात उरलेलं पाणीसुद्धा आई कुंडीत ओतायची. हात आपोआप नळाकडे गेला, बंद केला. दोन कॅन भरून गाडीत नेऊन ठेवले. कंबर बोलायला लागली तेव्हा माझ्यातला इंजिनियर जागा झाला: पाणी काढायचंच कशाला? केबिन गरम ठेवली की झालं! हीटर लावला, घरी आलो. तिने फोनवर विचारलं तर म्हणालो, "केव्हाच केलं."

जानेवारीत पाच दिवस कडक थंडी पडली. सहाव्या दिवशी सगळं वितळलं आणि सकाळीच शेजारच्या बोटीवर राहणाऱ्या म्हाताऱ्याचा फोन आला. "तुझ्या बोटीतला पंप कधीचा घरघरतोय. आत कोणी आहे का?"

बोटीचं दार सरकवलं आणि पायरीवरच थिजलो. आत घोटाभर पाणी आणि त्यावर तिच्या फळ्या तरंगताहेत. बुडतेय! म्हातारा डॉकवरून ओरडला, "चाखून बघ!"

"काय?"

"पाणी रे! खारट लागलं तर तळ फुटलाय, ताबडतोब बाहेर ये."

ओंजळ बुडवून जिभेला लावली. गोडं! जीव भांड्यात पडला. आणि मग हळूहळू डोक्यात प्रकाश पडला की समुद्राचा काही दोष नाही, म्हणजे हे पाणी माझंच. हीटरच्या भाराने डॉकवरचा ब्रेकर केव्हाच पडून वीज गेली होती. थंडीत पाइप गोठून चिरला होता, आणि बर्फ वितळल्यावर बॅटरीवर चालणाऱ्या नळाच्या पंपाने टाकीतला थेंब न थेंब केबिनमध्ये आणून सोडला होता.

तिला फोन लावला. तिकडे जेवणं उरकत होती.

"तुझी बोट बुडालेली नाही," मी सुरुवात केली.

"म्हणजे? आणि तो आवाज कसला? पंप? अरे, बंद कर आधी, कोरडा फिरतोय, जळेल तो!"

दहा मिनिटं मी पंपाशेजारी उभा होतो, पण मला हे सुचलं नव्हतं. बंद केला.

"इंजिनला पाणी लागलं?"

"नाही. जरा खालीच आहे."

"टाकी रिकामी केलीच नव्हतीस ना?"

"दोन कॅन काढले की."

"आणि घरी नेलेस."

"झाडांना घातले."

मला वाटलं आता हसेल, नाहीतर फाडून खाईल. ती म्हणाली, "तुला पाणी फेकवत नाही हे मला माहीत होतं. तरी तुझ्यावर टाकून आले. चूक माझीच." आणि फोन ठेवला. बारा वर्षांत कुठल्याही साहेबाने मला इतकं गार केलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी आली ती एअरपोर्टवरून थेट बोटीवर, बॅगा गाडीतच. मी पंखे लावून लावून केबिन सुकवली होती, पण फळ्या पापडासारख्या वळल्या होत्या. ती कोट न काढताच गुडघ्यांवर बसली आणि एकेक फळी उचलून माझ्या हातात द्यायला लागली. "ही ठेव. ही गेली. ही गेली."

फळ्या होत्या तेरा. "ठेव" ती चारदाच म्हणाली.