घड्याळ पालथं घालणाऱ्या बाई

मला हात दिला तो चंद्रपूरच्या दवाखान्यातल्या व्यायामवाल्या बाईंनी. काय झालं ते मागून सांगतो. त्यांचं नाव आधी काढतो, कारण माझं बोलणं घाबऱ्या माणसाचं, मध्येच कुठे तरी अडतं, आणि सांगायचं तेच राहून जातं.

बाईंच्या गळ्यात दोरीला, पेशंटचं चालणं मोजायचं बटणाचं घड्याळ असायचं. मोजायला लागण्याआधी त्या ते तळहातावर पालथं घालायच्या. "घड्याळाकडे नको पाहू भाऊ, माह्याकडे पाह्य." दवाखान्याच्या बाकावर बसून तुम्हीही कधी माणसं पाहिली असतील. मी या बाईंना पाहायचो. आकडा चांगला येवो की वाईट, त्यांचा चेहरा तोच.

मी सिरोंच्याकडचा, प्राणहितेच्या काठचा. घरची मासेमारी. शाळा सातवीत सोडली. परीक्षेच्या दिवशी घाबरून नदीवर पळायचो, जाळं हातात घेतलं की भीती विरघळायची. पुढे जाळं फेकताना हात खांद्यातून निसटल्यासारखा वाटायला लागला. मग दंड वाळले, मांड्या वाळल्या. नागपूरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ते मला अजून सरळ म्हणता येत नाही. फार थोड्यांना होतो म्हणे. स्नायू झिजत जातात. पूर्ण बरं करणारं औषध नाही; झिजणं मंद व्हावं म्हणून एक गोळी आहे. ती किती लागू पडते ते पाहायला बाई दर काही महिन्यांनी मोजमाप घ्यायच्या. त्यासाठी गाव सोडून मी चंद्रपुरात थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे आलो.

लांब व्हरांड्यात बाई मला चालायला लावायच्या. फरशीवर ऊन पसरलेलं असायचं. चालता चालता ती फरशी मला उन्हाळ्यातल्या नदीची वाळू वाटायची. पलीकडे पाणी आहे, तिथवर पोचलं की झालं. पाण्यात हात आपले आपण वर येतात, त्यांना वजनच नसतं. मग कुठून तरी लांबून बाईंचा आवाज यायचा, "बस भाऊ. आलं आपलं गाव."

आकडे बरे येत होते. पण आमच्या घरी हे मोजमाप म्हणजे परीक्षाच. नापास झालो की गोळी बंद, असं आम्ही दोघांनी मनात पक्कं धरलेलं. तारीख जवळ आली की अक्का मला खाटेवरून उठू द्यायची नाही. तेल चोळायची, अंडी उकडून भरवायची, पाण्याचा पेलासुद्धा तीच तोंडाला लावायची. साठवलेली ताकद मी व्हरांड्यात उधळून यायचो आणि मग कितीतरी दिवस पडून राहायचो.

एकदा बाई आमच्या गल्लीवरून जाताना सहज घरी आल्या. अक्का मला मासा-भात भरवत होती.

"काऊन वो ताई, हातानं नाई खात का तो?" बाईंनी विचारलं.

"खाते न," अक्का मोठ्या अभिमानाने म्हणाली. "पण सोमवारी तुमची परीक्षा हाये. ताकद वाचवून ठेवून राह्यलो आम्ही."

बाई ओढणी तोंडाला लावून हसत सुटल्या. "बापा! मी याची ताकद कुठी चालली ते शोधून राह्यली, अन् तुम्ही मले दाखवाले ते डब्यात भरून ठेवता!" मग हसू आवरून खाटेच्या कडेला बसल्या. "आकडा खाली आला म्हणून गोळी बंद नाई होत, भाऊ. पास-नापास नाई इथी."

"मग मोजता काऊन?" त्यांना उलटून विचारायची माझी ती पहिलीच वेळ.

"तुले जे पाह्यजे, ते हातातून चाललं का, ते समजाले. व्हरांड्यातल्या चालण्याचं मी का लोणचं घालू? सांग, तुले काय पाह्यजे?"

चालणं म्हणणार होतो, नाहीतर जाळं. तोंडातून निघालं, "माशाचे काटे. माझे मले काढता आले पाह्यजे."

आमच्याकडे काटे काढलेला मासा लेकराला देतात. जाळं ओढलेल्या माणसाला नाही. अक्काने तोंड फिरवलं.

बाईंनी रिकामा डबा पालथा घालून माझ्या कोपराखाली ठेवला. ताट पाटावर चढवलं. "कर."

मी बोटांनी मासा उकलला. एक काटा ताटाच्या कडेला ठेवला, मग दुसरा. भात गार झाला. बाई हनुवटीला हात लावून बघत होत्या, गळ टाकून बसलेलं माणूस पाण्याकडे बघतं तसं. घड्याळ त्या दिवशी त्यांच्याजवळ नव्हतंच. निघताना म्हणाल्या, "रोज असाच खाजो. मोजाच्या आदल्या दिवशीबी."

सोमवारी ताकद न साठवता गेलो, आकडा खूप खाली आला. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. गोळी चालू राहिली. त्यानंतर दर वेळी, चालायला लावण्याआधी बाई विचारायच्या, "काटे निघते?"

"निघते बाई. पण उशीर लागते."

"लागू दे. ताटातला मासा काई पळून नाई चालला."

मग बाईंची बदली ब्रह्मपुरीकडे झाली. आता मोजणारा पोरगा चांगला आहे, प्रेमाने बोलतो. पण व्हरांड्याच्या टोकाला पोचलो की मी क्षणभर उभा राहतो. गाव आल्याचं कोणी सांगत नाही.

डावा हात आता मदतीला येत नाही. उजवा डब्यावर टेकवला की अजून काम करतो.

बाई, पाणी उतरलं की एकदा आमच्या नदीवर या. तुम्हाला वाळूत बसवीन, आणि माझ्या हाताने काटे काढून मासा तुमच्या ताटात वाढीन. उशीर लागेल. घड्याळ आणू नका.