भुशाचा मिठू

त्या तलावाकाठी आता रंगीत बाकडी बसवलीत, पोरांना घसरगुंडी आहे आणि फाटकात तिकीट घेऊनच आत सोडतात, असं नातसून सांगते. असेल. मी पाहिला तो तलाव वेगळा होता.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. आमचं गाव देऊळघाटच्या अंगाला. बैलगाडीनं सकाळी निघालं की ऊन तापायच्या आत तलावाची पाळ दिसायची. पाळीच्या वर जंगलखात्याचा बंगला आणि बंगल्याला लागून एक लांबट कौलारू खोली. खात्याच्या कागदावर त्या खोलीचं काही मोठं नाव होतं, निसर्ग, परिचय असले शब्द होते त्यात. आम्ही तिला भुशाच्या जनावरांची खोली म्हणायचो. मेलेली पाखरं, घोरपड, मुंगूस असं पोटात भुसा भरून आत मांडलेलं होतं, आणि लांबलांबची माणसं ते पाहायला यायची. आम्ही तलावापासून दोन कोसांवर राहून कधी गेलो नव्हतो. सायाळ आमच्या मळ्यात रताळी उकरायची. ती पाहायला कोण गाडी जुंपणार?

मग एका संक्रांतीच्या पंधरवड्यात ब्लॉकच्या बाईंनी महिला मंडळाची सहल काढली. ब्लॉकच्या बाई म्हणजे पंचायत समितीच्या मुख्य सेविका. पुण्याकडच्या. हातात कायम काळी छत्री, ऊन असो नसो. त्यांनी सांगितलं, तलाव पाहू, खोली पाहू, तिथंच हळदीकुंकू करू. आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "तुमचंही त्या दिवशीच ठरवू."

माझं काय ठरायचं होतं, ते आधी सांगते. आमच्या गावात बालवाडी निघणार होती आणि तिला बाई हवी होती. शाळेचा दाखला नसला तरी चालेल, पण लिहिता-वाचता आलं पाहिजे, असं बाईंचं म्हणणं. मी शाळेत एक दिवस गेले नाही. अक्षरं मी बियाण्याच्या पुड्यांवरून शिकले. आमचा भाजीचा मळा. मामाजी, म्हणजे माझे सासरे, बुलढाण्याहून बियाणं आणायचे. पुडीवर वांग्याचं चित्र आणि खाली अक्षरं. चित्र वांग्याचं, तर अक्षरंही वांग्याचीच असणार, एवढं कळायला शाळा लागत नाही. मग वांग्यातलं गी गवारीतल्या ग शी ताडून पाहायचं, मिरचीतलं मि मुळ्यातल्या मु शी. असं करत करत दोन वर्षांत मी पुडक्याचे कागद वाचायला लागले, मग जुनी वर्तमानपत्रं. चुलीपुढं बसून. हे कुणाला सांगण्यासारखं वाटत नव्हतं. बालवाडीचं निघालं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, हे उघड्यावर करता येईल, चुलीचा धूर डोळ्यांत न जाता.

आत्याबाई, म्हणजे सासूबाई, फटकन म्हणाल्या, "अन् मिरची कोन तोडन? तुहे पुस्तकं येनार हायेत का तोडाले?"

मामाजी विहिरीकडे जाता जाता बोलले, "ब्लॉकच्या बाईनं हो म्हनलं तं जाऊ दे. नाही म्हनलं तं पुन्हा घरात विषय नाही." म्हणजे एकदाच काय ते. त्यांचा शब्द झाला की झाला.

आमच्या तीन गाड्या निघाल्या. रस्ताभर माझी थोरली जाऊ बोलत होती. "आता हे मास्तरीन होनार बाप्पा. आपल्याले अंगठे धरून उभं करनार."

"तुमाले काऊन करन? तुमी तं बाकाखाली लपान," दुसरी म्हणाली.

आत्याबाई गाडीच्या तोंडाशी बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. वाणाच्या सुगड्यांची टोपली मांडीवर धरून समोर पाहत राहिल्या.

तलाव पाहिला. पाणी भरपूर होतं, बगळे होते, पाणकोंबड्या होत्या. पाळीवर बसून भाकर-ठेचा खाल्ला, तोंडी लावायला कांद्याची पात. मग खोलीत गेलो. दारात नाकेदार उभा. जंगलातल्या शिपायाला आमच्याकडे नाकेदार म्हणतात. म्हातारा माणूस, खाकी कोट, आणि त्या खोलीचा त्याला भारी अभिमान. "हात लावू नका माय, रंग जाते," असं प्रत्येकीला वेगळं सांगत होता. फळीवर एकापुढं एक काचेच्या पेट्या, आणि प्रत्येक पेटीखाली लाकडाची पाटी. पाट्या त्यानं स्वतः चुन्यानं लिहिल्या होत्या. अक्षर मोठं आणि गोल.

ब्लॉकच्या बाईंनी छत्रीचं टोक पहिल्या पाटीवर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मला कळलं, हीच परीक्षा.

"सायाळ," मी म्हटलं.

"हं."

"तितर. टिटवी. घोरपड."

घोरपडीचा घ मला जड जायचा, कारण घ ची भाजी आमच्या मळ्यात नव्हती. घोसाळं आम्ही लावत नसू. पण तोही निभावला. मागं बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. बाई खूश दिसत होत्या. छत्री पुढच्या पाटीवर गेली.

पेटीत पोपट होता. हिरवा, लाल चोचीचा, एक डोळा जरा आत गेलेला. पण नाकेदारानं पाटीवर पोपट लिहिलं नव्हतं. गाण्यात मैनेच्या जोडीला जे नाव येतं, दोन अक्षरी, ते लिहिलं होतं. आणि ते माझ्या मामाजींचं नाव.

आता हे आजच्या पोरींना सांगावं लागतं. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नसे आणि सून सासऱ्याचं. नुसतं माणसाचं नव्हे, त्या नावाची वस्तू असली तरी दुसरा शब्द शोधायचा. शेजारच्या एकीच्या सासऱ्याच्या नावात गूळ होता, ती जन्मभर गुळाला गोड म्हणत आली. दुकानात जाऊन पावशेर गोड द्या म्हणायची, आणि दुकानदार द्यायचा. तसं आमच्या घरात त्या पाखराला मिठू म्हणत. मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून माझ्या तोंडी मिठूच.

"मिठू," मी म्हटलं.

बाई थांबल्या. "परत वाचा."

"मिठू."

"मिठू कुठे लिहिलंय? नीट बघा. पहिलं अक्षर कोणतं?"

पहिलं अक्षर कोणत्या पुडीवरचं ते मला चांगलं ठाऊक होतं. पण ते सांगितलं तरी नाव घेतल्यासारखंच, म्हणून आत्ताही इथं लिहीत नाही. मी खाली पाहिलं.

"पाटी मीच लिहेल हाये," नाकेदार म्हणाला. "बरोबर लिहेल हाये."

"म्हणजे तुम्ही वाचत नाही," बाई म्हणाल्या. रागानं नाही, उलट हळू बोलल्या, तेच जास्त लागलं. "आधीची चारही तुम्ही जनावर बघून सांगितलीत. काय दिसतंय ते मी विचारलं नव्हतं, काय लिहिलंय ते विचारलं होतं. लहान मुलांसमोर असं नाही हो चालणार."

पाहून सांगते! हे मला फार झोंबलं, कारण मी शिकले तशीच होते, चित्र पाहून. वाटलं, वांग्याच्या पुडीपासूनचं माझं सगळं खोटंच होतं की काय.

तुम्ही म्हणाल, मग सरळ सांगायचं ना, हे माझ्या सासऱ्याचं नाव आहे म्हणून. कसं सांगू? समोर भुसा भरलेलं मेलं पाखरू. त्याच्याकडे बोट करून मी म्हणायचं, हे माझे मामाजी? तेही संक्रांतीच्या दिवसांत, आत्याबाई कपाळभर कुंकू लावून शेजारी उभ्या असताना? बाकीच्या बायकांतल्या निम्म्या भावकीतल्या, त्यांनाही ते नाव वर्ज्य. उरलेल्या तोंडात पदर कोंबून उभ्या. सगळ्यांना कळलं होतं. कळलं नव्हतं ते फक्त ब्लॉकच्या बाईंना आणि नाकेदाराला.

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांना काहीच करावं लागणार नव्हतं. गप्प राहिल्या असत्या तर मिरची तोडायला मी जन्मभर होते, आणि दोषही कुणाला लागला नसता. बाईंनी पिशवीतून वही काढली, पेन्सिल काढली.

तेवढ्यात आत्याबाईंनी सुगड्यांची टोपली जाऊबाईच्या हातात दिली. "थांबा बाई," त्या म्हणाल्या. "वान लुटाच्या आंधी नाव घ्या लागते. मी घेतो."

बाई गोंधळल्या. "आता? इथे?"

"इथंच."

नवऱ्याचं नाव एरवी घ्यायचं नाही, पण उखाण्यात घेतलं तर चालतं. तेवढी एक वाट बायकांना ठेवलेली आहे, आणि तीही फक्त बायकोला, सुनेला नाही. आत्याबाईंनी उखाणा घेतलेला मी कधी ऐकला नव्हता. हळदीकुंकवाला आग्रह झाला तर "म्हाताऱ्या मानसाले काय नाव घ्या लावता" म्हणून उठून जायच्या. त्या दिवशी त्या पोपटाच्या पेटीपुढं जाऊन उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या:

"काचंतल्या पाखराले ना दाना ना पानी,
माह्या मळ्यात मोट हाकते —, मी त्याची रानी."

रेघ मारली आहे तिथं नाव. मी लिहीत नाही. त्या मात्र बोलल्या, आणि बोलताना पाटीवर बोट ठेवलं.

खोलीत असा हशा झाला की नाकेदार पेट्या सावरायला धावला. थोरली जाऊ ओरडली, "अवं माय, रानी पाहा आमची!" आत्याबाई म्हणाल्या, "दात काढू नको. तुही सासू हावो मी."

ब्लॉकच्या बाईंनी पाटी वाचली, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा पाटी वाचली. हळूहळू त्यांचा चेहरा लाल झाला. "अहो, मग सांगायचं ना मला!"

"ते कसं सांगन?" आत्याबाई म्हणाल्या. "तुमच्या तिकडं सुना नाव घेतेत का सासऱ्याचं?"

बहुतेक तिकडंही घेत नव्हत्या. पण बाई पक्क्या. तेवढ्यावर सोडणाऱ्या नव्हत्या, आणि ते बरोबरच होतं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि छत्रीचं टोक दारावरच्या पाटीकडे नेलं. त्या पाटीखाली पेटी नव्हती, जनावर नव्हतं, काही नव्हतं.

"हे वाचा."

मी वाचलं, एका दमात. "तंबाखू खाऊन येथे थुंकणारास बाहेर काढण्यात येईल."

थोरली जाऊ गालातल्या तंबाखूसकट मुकाट्यानं बाहेर निघून गेली.

"सोमवारपासून या," बाई म्हणाल्या, आणि वहीत लिहिलं.

परत येताना आत्याबाई गाडीच्या तोंडाशीच बसल्या होत्या. मागं न पाहता म्हणाल्या, "मिरची पहाटं तोडत जाऊ. दोघी मिळून. ऊन निघाच्या आत होते."

"हाव," मी म्हटलं.

घरी मामाजींनी विचारलं, "काय पाह्यलं तलावावर?"

"मिठू," आत्याबाई म्हणाल्या, आणि चुलीकडे गेल्या.

बालवाडी मी पुष्कळ वर्षं चालवली. दुसऱ्याच वर्षी पोरांना घेऊन त्या खोलीत गेले. नाकेदार तोच होता, कोटही तोच. त्यानं माझ्या पोरांना फळीपुढं रांगेत उभं केलं आणि पाट्या वाचायला सांगितल्या. पोरांनी सायाळ वाचली, तितर वाचला, घोरपड तर घ वर जोर देऊन वाचली. आणि मग सगळी पोरं एका सुरात ओरडली, "मिठू!"

नाकेदारानं माझ्याकडे वळून पाहिलं. "मास्तरीनबाई," तो म्हणाला, "हे पोट्टे वाचत नाहीत बरं. पाखरू पाहून सांगून राह्यले."

मी त्याला म्हटलं, "पाटी बदला." पण ती त्यानं बदलली नाही. बरोबर लिहिली होती ना.