मावशीच्या खोडावरची नवी प्रजाती

माझ्या अकलेचा हा किस्सा ऐकायचाच असेल तर हातातला चहा आधी संपवा. मधेच ठसका लागला तर मी जबाबदार नाही.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता, पाऊस मात्र कुठल्याच जिल्ह्यात नव्हता. मी नांदेडला लाकूड कुजवणाऱ्या बुरशीवर पीएच.डी. करत होतो. आता बुरशीला लागते ओल. माणसांना प्यायला पाणी नाही, तिथं बुरशी कुठून उगवणार? सरांनी स्पष्टच सांगितलं होतं, या खेपेला नमुना आणला नाहीत तर विषय बदला.

तशात शिरूर अनंतपाळला मावशीकडं गेलो. तिच्या परसात, मोरीचं पाणी जातं तिथं आंब्याचं एक वाळलेलं खोड होतं. त्यावर पंख्यासारखी, तपकिरी, टणक बुरशी! आणि तिच्यावर आडवे तीन पांढरेशुभ्र पट्टे. पुस्तकं पालथी घातली. गॅनोडर्मा नावाच्या बुरशीशी रंग जुळला, खालची छिद्रं जुळली, पट्टे मात्र कुठंच नाहीत. म्हणजे प्रजाती नवी, आणि नव्या प्रजातीचं नाव ठेवायचा मान शोधणाऱ्याचा. मी लगेच बारसं उरकून टाकलं: गॅनोडर्मा लातुरेन्स. नव्या जिल्ह्याची नवी बुरशी!

मावशीनं गल्लीभर केलं, "माझा भाचा आपल्या खोडाचं नाव जगात करायलाय." लोक बघायला आले. येईल तो खोडापुढं हात जोडायचा. आपल्या मराठवाड्यात विज्ञानाबद्दल एवढा आदर? खरं सांगतो, माझे डोळे भरून आले.

पट्ट्यांना धक्का नको म्हणून बुरशी कापसात गुंडाळली आणि डबा मांडीवर घेऊन भल्या सकाळच्या एसटीनं नांदेड गाठलं. शेजारच्या बाईनं पिशवी टेकवू का विचारलं, तर तिच्यावरच डाफरलो.

सरांनी भिंग लावलं. मग मान वर करून माझ्याकडं बराच वेळ बघितलं.

"असे पट्टे तुम्ही आधी कुठंच पाहिले नाहीत?"

"उभ्या जगात नाही, सर."

त्यांनी पट्ट्यावर पाण्याचा थेंब सोडला. पट्टा विरघळला. बोटानं पुसून म्हणाले, "विभूती आहे ही."

मला एकदम मावशीची पूजा आठवली. मी अंथरुणात लोळत असताना तिची पूजा आटपायची आणि उरलेली विभूती उंबऱ्याला, जात्याला, बैलांना लागायची. दुष्काळात वाळल्या लाकडाला काहीतरी फुटलेलं बघून ती त्याला कशी वगळेल? आणि लोक हात कशाला जोडत होते, तेही आत्ता कळलं. संपली माझी पीएच.डी.!

पण सर म्हणाले, "बुरशी नेहमीचीच आहे. तरी नव्या जिल्ह्यातून तिची नोंद अजून कुणी केलेली नाही. ती तुम्ही करा. विषय बदलायचं कारण नाही."

असा आनंद झाला म्हणता! डबा उचलून मी निघालोच. तर सर मागून म्हणाले, "जाताना एकदा आरशात बघा."

बघितलं. निघताना मावशीनं माझ्याही कपाळावर तीन बोटं ओढली होती, आणि तेच कपाळ सरांच्या नाकासमोर धरून मी उभ्या जगाची ग्वाही देत होतो.