ओटीचा पाट

गोंदियात लग्नाशिवाय जोडप्याला भाड्यानं घर कोण देतो? म्हणून भूमिका आणि टिकेश दोन वर्षं नवराबायको म्हणवून राहिले. चिचगडला तिच्या बाबांना वाटे, पोरगी होस्टेलात आहे. गेल्या महिन्यात दोघांचं फाटलं आणि टिकेश निघून गेला. आज भूमिका एकटीच किल्ल्या द्यायला घरमालकीण शामकलाबाईंकडे गेली, तर समोर पाट, नारळ अन् ब्लाउजपीस मांडलेला.

“सवाशीण माह्या घरून रिकामी नाही जात. बस. जावई काऊन नाही आले?”

“कामात आहेत,” भूमिका पाटावर बसत म्हणाली.

“भांडण झालं न? थांब, तुह्या बाबाले फोन लावतो. करारावर नंबर हाय.”

घाईत तिनं बाबांचाच नंबर लिहिला होता. कुंकवाचं बोट कपाळाशी आलं, तशी ती मागे सरली.

“काकू, लग्नच नाही झालं आमचं.”

“मग खोटं काऊन सांगतलं?”

“खरं सांगतलं असतं तर घर दिलं असतं?”

“नसतं दिलं.” बाईंनी बोट पदराला पुसलं. “बाबाले तू सांगशील का मी सांगू?”

“मीच,” ती म्हणाली खरी, पण बाबांसमोर उभं राहायच्या नुसत्या विचारानं तिला पाटावरून उठता येईना.