दोन हात दोर

रानात अगरूचं सुगंधी लाकूड शोधायला निघालेल्या टोळीचे ताडपत्री बांधायचे दोर थोआय कापायचा. ओझं हलकं व्हावं म्हणून धाकट्या भावाला, खिएमला, त्यानं दोन-दोन हातांचेच दोर दिले. चढावरच्या विरळ झाडांना ते पुरेनात, म्हणून खिएमनं ओढ्याकाठी झोपायची झोळी टांगून वर ताडपत्री ताणली. पहाटेच्या लोंढ्यानं त्याला नेलं.

दोन वर्षांनी खिएमची बायको हान्ह दारात आली. तिचा भाऊ रानात निघाला होता, त्याला दोर हवे होते. थोआयनं पाच-पाच हातांचे दोर कापले.

"एवढे लांब, दादा?"

"उरले तर गुंडाळता येतात गं. कमी पडले की काहीच करता येत नाही."

हान्ह दोरांजवळ वाकली.

"आजवर तुमच्या हातचे दोर घेववत नव्हते मला," ती म्हणाली आणि तिनं ते उचलले.