हलवलेली बाज

बायकोला डॉक्टरकडं न्यायचं आणि तिचं दुखणं आपणच सांगायचं, ही आमच्या घरची रीत. तीस वर्षं मी प्रत्येकाला सांगत आलो, "धडधड माहेरहूनच आणलीय." ती मान खाली घालून बसायची. भोकरचा मेहुणाही निमूट ऐकायचा. बहीण दुखणाईत दिली, या ओझ्यानं तो आमच्या घरी कधी मोकळा बसला नाही.

यंदा लातूरच्या हृदयाच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून हृदय ठणठणीत असल्याचं सांगितलं. तरी धडधड थांबेना. म्हणून नांदेडला सुयांचा चिनी उपचार करणाऱ्या बाईंकडं गेलो. त्यांनी हिची जीभ पाहिली, दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून बराच वेळ नाडी पाहिली.

"कधीपासून होतंय?"

"माहेरहूनच—" मी सुरू केलं.

"काका, धडधड तुम्हाला होते का?"

ही पदराआडून हसली.

बाईंनी सांगितलं, चिनी वैद्यक मनाचं घर हृदयात मानतं. माणूस एकाएकी दचकला की मन तिथून उठतं, मग नीट बसत नाही. भांडं पडलं तरी काळीज उडतं, झोप तुटते. अशक्तपणानं होणारी धडधड निराळी, तिच्या सुयांच्या जागाही निराळ्या. "काकू, कशानं दचकला होतात?"

"आठवत न्हाई बघा."

तिला आठवत होतं. मलाही. त्र्याण्णवच्या भूकंपानंतरचे दिवस. अहमदपूरचं आमचं घर शाबूत होतं, पण गल्लीतले सगळे अंगणात बाजा टाकून राहायचे. एका दुपारी ही तान्ह्या लेकीला घेऊन पडली होती. चौघांत गंमत म्हणून मी बाज गदागदा हलवली. ही लेकीला छातीशी धरून अनवाणी रस्त्यापर्यंत पळाली. सगळे हसले, मी सगळ्यांत जास्त. धडधड त्या दिवसापासूनची.

बाईंना मीच तेवढं सांगितलं. त्यांनी सुया लावल्या आणि मला मनगटावरची जागा दाखवली: घडीपासून तीन बोटं वर, दोन शिरांच्या मधोमध. "रोज तुम्हीच दाबायची. छातीत दुखलं, चक्कर आली तर मात्र तडक हृदयाच्या डॉक्टरांकडं."

येताना एसटीत हिला विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंस?"

"नवीन माणसासमोर तुमची काय इज्जत राह्यली असती?"

सहा खेपा झाल्या. आता ती बरीच शांत झोपते. परवा कुकरची शिट्टी झाली तेव्हा दचकली, पण छाती धरून बसली नाही. जाऊन गॅस बंद केला.

काल तिचं मनगट दाबता दाबता दुसऱ्या हातानं मेहुण्याला स्पीकरवर फोन लावला आणि सगळं सांगितलं. बोटाखाली हिची नाडी जोरात चालली होती.

"दाजी," तो म्हणाला, "ऐतवारी येतो मी. मुक्कामालाच. अन् झोपायला बाज नको, खालीच टाका."

ही इतकी हसली, की तिचं मनगट माझ्या हातातून सुटलं.