दाभणकाकांची शिवण

दाभणकाकांच्या हातातलं दाभण खाली ठेवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बोलतानासुद्धा त्याचं टोक समोरच्यावर रोखलेलं. नोकरीने ते कॉलेजच्या ग्रंथालयातले शिपाई. पण ‘गलबत’ या आमच्या चार पानी विद्यार्थी-पत्राचा अंकन् अंक जमवायचा, वर्षाअखेरीस शिवायचा आणि पानापानावर पेन्सिलीने आकडा घालायचा, हे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं.

मी त्या पत्राचा संपादक. माझ्या पहिल्याच अंकात वक्तृत्व स्पर्धेचा निकाल स्पर्धेच्या आदल्या दिवशी छापून आला. मी जिला पहिला नंबर दिला, ती प्रत्यक्षात तापाने घरी झोपली होती! एवढा अंक फायलीतून काढा म्हणून मी काकांपुढे हात जोडले. दाभण माझ्या नाकापर्यंत आलं.

“छापलंस ना मेल्या? मग प्राचार्य सांगोत नायतर तुझा बापूस, पान निघायचं नाय.”

मला राग आला, आणि या माणसावर विश्वासही बसला.

पुढे मुलींच्या वसतिगृहात आजारपण पसरलं. बाहेरचं खाणं बाधलं, असं कॉलेजचं म्हणणं. मी पाण्याच्या टाकीवर चढलो, तर आत मेलेला कावळा. तेच छापलं. (उतरताना शिडीवरून पडलो, हा भाग बातमीत नव्हता.) दुपारपर्यंत प्राचार्यांनी सगळे अंक गोळा करून नेले. माझ्या वहीतला एकच वाचला.

“घरी नेऊ नको, वाळवी खाईल. माझ्याकडं दे,” काका म्हणाले. दिला.

इतक्या वर्षांनी, यंदा, जुने अंक स्कॅन करायला कॉलेजने मला बोलावलं. सोबतच्या मुलांना मी दोन दिवस टाकीची गोष्ट सांगत होतो. शिडी रोज थोडी उंच होत होती. आमच्या वर्षाची फाइल निघाली. वक्तृत्वाचा अंक ठणठणीत. “आता बघा,” म्हणत मी ऐटीत पान उलटलं, तर रांगोळी स्पर्धा. पानांचे आकडे सलग. अंकाला क्रमांक घालायला मी कायम विसरायचो, त्यामुळे काही गेल्याची खूणही नव्हती.

“सर, तुम्ही नक्की चढला होतात ना?” एका मुलीने हळूच विचारलं.

तडक आरे-वारेच्या रस्त्यावरचं काकांचं घर गाठलं. ते पडवीत गोणपाट शिवत बसले होते.

“टाकीचा अंक कुठाय, काका?”

त्यांनी दाभण खाली ठेवलं.

“सायबानं मागितलान, मी दिला. नोकरीत कायम व्हायचा होतो रे तेव्हा.”

“आणि इतकी वर्षं भेटलो की ‘आहे हो संपादक, तुमचा अंक’ म्हणत होतात?”

त्यांनी गोणपाटाची शिवण अंगठ्याने चाचपली. मग म्हणाले, “पण शिवणीत कुठं कळलं काय?”

“नाही,” मी म्हणालो. खरंच कळलं नव्हतं. चहा न घेता उठलो.

रांगोळीच्या आधी आता मी एक कोरं पान घातलंय. मला शिवता येत नाही, म्हणून डिंकाने चिकटवलं. चांगलंच वाकडं बसलंय. कुणालाही कळेल.